कृपाण, वारी आणि कायद्याची फूटपट्टी

लातूरहून नांदेडला गेलो की आपण सचखंड हुजूर साहिबला माथा टेकून येतो. तिथे शीख बांधवांच्या कमरेला कृपाण असते. हे शस्त्र की श्रद्धा? आपल्या राज्यघटनेने उत्तर देऊन ठेवलंय. कृपाण धारण करणे हा शीख धर्म आचरण्याचाच भाग आहे, असे कलम २५ चे स्पष्टीकरण सांगते.

मग धर्मस्वातंत्र्याला मर्यादाच नाही का? आहे ना! हेच कलम सुरू होते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एक भेद सांगायचो. मनातली श्रद्धा वेगळी, बाहेरचे आचरण वेगळे. श्रद्धेला कुठलेही सरकार हात लावू शकत नाही. आचरणावर मर्यादा येऊ शकते. भारत १९७९ साली ज्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, त्याचे अठरावे कलम हेच मानते.

मात्र मर्यादा घालणाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारायचे. कायद्याचा आधार आहे का? कारण सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क यांपैकीच आहे का? आणि बंधन गरजेपुरतेच आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅनडात एका शाळेत शीख विद्यार्थ्याच्या कृपाणावर बंदी आली. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कृपाण म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत ठेवले तर सुरक्षितता राहते. मग सरसकट बंदी कशाला?

याउलट नरबळी. तिथे दुसऱ्याचा जीवच जातो. म्हणून २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा धर्मावर घाला ठरत नाही.

आता कोरोनाचा काळ आठवा. मार्च २०२१ मध्ये नांदेडला होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला परवानगी नाकारली, तरी ती निघाली आणि पोलीस जखमी झाले. आपण लगेच बोट दाखवले. पण त्याआधी २०२० ला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकाही एसटीनेच पंढरपूरला गेल्या होत्या. वारकऱ्यांनी मन घट्ट केले ते आरोग्यासाठी.

सांगायचे एवढेच. दुसऱ्याच्या मिरवणुकीला लावलेली फूटपट्टी आपल्या मिरवणुकीलाही लावायची आपली तयारी हवी. 'आम्हाला आवडत नाही' हे कारण त्या यादीत कुठेच नाही.