तीनताल, टच-स्क्रीन आणि माझ्यावरचा शिक्का

मागच्या डिसेंबरात हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर एका मोबाइल गेमची साथ आली होती. स्क्रीनवर चार पट्ट्या, गाण्याच्या लयीत वरून खाली सरकणारे काळे चौकोन, आणि चौकोन खालच्या रेषेवर आला की बोट मारायचं. एक चुकला की गाणं बंद. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही चौघी एकाच खाटेवर रजई ओढून बसायचो आणि फोन हातोहात फिरायचा. माझा स्कोअर बहुतेक वेळा वरचा. तबल्याच्या तीन परीक्षा पास झालेली माझी रूममेट मात्र कायम तळाला.

मी तिला समजावलं, "अगं, तू ऑडिटरी आहेस, मी व्हिज्युअल. हा डोळ्यांचा खेळ आहे, त्यात तुझा काय दोष!"

हे शब्द माझे नव्हते. अकरावीत असताना एका मार्गदर्शन शिबिरात आमच्याकडून प्रश्नावली भरून घेतली होती. पत्ता समजून घ्यायचा तर नकाशा बघाल की कुणाला विचाराल, असले प्रश्न. शेवटी बेरीज करून प्रत्येकाला एक शिक्का. मला मिळाला 'व्हिज्युअल लर्नर'. मी तेव्हा दीड वर्ष तबला शिकत होते आणि दुगुनीत हमखास अडखळत होते. शिक्का मिळाल्यावर मला कारण सापडलं. घरी येऊन सांगितलं, माझा कान नाही, मी डोळ्यांनी शिकणारी आहे, फी वाया घालवू नका. आई काही बोलली नाही. डग्ग्यावर कापड घालून तो कपाटावर गेला तो गेलाच.

आता गेमकडे परत येते. एका रात्री रूममेटचा वायरलेस इयरफोन डिस्चार्ज झाला म्हणून तिनं माझा साधा वायरवाला लावला आणि पहिल्याच गाण्यात माझ्या पुढे गेली. दुसऱ्यातही. पुन्हा वायरलेस लावला की खाली. कारण अगदी साधं होतं. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायला बरेचदा १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चतुर्थांश १२५. म्हणजे तिला ऐकू येणारा ठोका जवळजवळ पाव मात्रा, कधी त्याहूनही जास्त मागे पडत होता. आणि ती आवाजावर हात टाकत होती, कारण सात वर्षं तिला तेच शिकवलं गेलं होतं. मी चौकोन बघून बोट मारत होते, म्हणून मला फरक पडत नव्हता. अशा बऱ्याच गेम्समध्ये हा उशीर भरून काढायला 'कॅलिब्रेशन'ची सोय असते. आमच्यापैकी एकीनंही ती उघडून पाहिली नव्हती. माझी थिअरी एका वायरीनं पाडली.

मग जरा खोलात जाऊन वाचलं.

शिकण्याच्या शैलींची कल्पना जुनी आहे. आपल्याला ओळखीची असलेली पाहणारे, ऐकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे ही चौकट न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची. १९९२ मध्ये त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासोबत ती मांडली. पुढे असल्या चौकटींचं पीकच आलं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका आढाव्यात अशी ७१ मॉडेल्स मोजली गेली. ७१! माणसाच्या शिकण्याचे खरोखर प्रकार असते तर ते मोजताना इतका गोंधळ झाला नसता, असं आपलं माझं मत.

२००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी नेमका प्रश्न विचारला. शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो, हे कधी मानायचं? 'पाहणारे' दाखवून शिकवल्यावर जास्त शिकले आणि 'ऐकणारे' ऐकवून शिकवल्यावर जास्त शिकले, असं एकाच परीक्षेत दिसलं तर. अशी नीट केलेली चाचणी शोधायला गेल्यावर त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. ज्या काही चाचण्या नीट झाल्या होत्या, त्यांतल्या काहींचे निष्कर्ष उलटेच होते. आवडनिवड खरी असते, हे त्यांनीही नाकारलं नाही. कुणाला आकृती आवडते, कुणाला व्याख्यान. कुणाचा कान तयार असतो, कुणाचा नसतो, हेही खरं. पण आवडीच्या वाटेनं शिकवलं म्हणून जास्त शिकलं जातं, या तिसऱ्या गोष्टीला आधार मिळत नाही. प्रश्नावली भरून घेणारे पहिल्या गोष्टीवरून थेट तिसरीवर उडी मारतात.

रिदम गेम हे तपासायला छान जागा आहे. यात डोळा, कान आणि हात तिघांनाही एकाच क्षणी हजर राहावं लागतं आणि निकाल लगेच स्क्रीनवर येतो. 'पॅरापा द रॅपर' १९९६ मध्ये आला, 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' १९९८ मध्ये, 'गिटार हिरो' २००५ मध्ये. घाट वेगवेगळा, पण मागणी एकच. योग्य क्षणी योग्य जागी स्पर्श. काही गेम्समध्ये 'परफेक्ट' मिळवायला तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत असावं लागतं.

आणि वेळेच्या बाबतीत माणसाचा कान डोळ्यापेक्षा वरचढ आहे. माझा, तुमचा, शिक्का कुठलाही असो. टिचकी मारून ताल धरायच्या प्रयोगांत दिसतं, की लुकलुकणाऱ्या दिव्याशी ताल धरताना दोन लुकलुकींमधलं अंतर साधारण अर्ध्या सेकंदाच्या खाली गेलं की लोक गडबडतात. आवाजाशी मात्र त्याच्या कितीतरी जलद ताल धरता येतो. दिव्याऐवजी उसळता चेंडू दाखवला तर डोळ्यांची कामगिरी बरीच सुधारते. गेममधले चौकोन वरून घसरत येतात ते नुसत्या शोभेसाठी नाही, डोळ्याला पुढचा क्षण आधी दिसावा म्हणून. आणखी एक गंमत. आवाजाशी टिचकी जुळवताना बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधीच बोट मारतात, कित्येकदा २० ते ८० मिलिसेकंद आधी, आणि त्यांना वाटतं आपण अगदी ठोक्यावर आहोत. संगीत शिकलेल्यांमध्ये हा फरक कमी असतो. शिकलेल्यांमध्ये, 'ऐकणाऱ्यां'मध्ये नव्हे!

आम्हीही एक खेळ केला. चार जणींचा खेळ म्हणजे संशोधन नव्हे, पण सांगते. पाठ झालेलं एक गाणं फोनचा आवाज बंद करून खेळायचं. माझ्या शिक्क्याप्रमाणे मला काहीच अडचण यायला नको होती. आम्ही चौघीही आपटलो, आणि एकाच जागी. गाण्यात मध्ये दोन ठोक्यांची शांतता होती. पुढचा चौकोन दिसत होता, तरी तिथे प्रत्येकीचं बोट घाईनं आधी पडलं. आवाज असताना ती रिकामी जागा कान मोजून देत होता, आणि हे मला कधी कळलंच नव्हतं.

ही रिकामी जागा वाचून मला आपल्याकडचं आठवलं. ताल शिकवायच्या दोन टोकांच्या पद्धती आपल्याच मध्य प्रदेशात नांदल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं ते भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यांची क्रमिक पुस्तकं मूळ मराठीत, आणि त्यांनी चिजा कागदावर उतरवल्या. इकडे भोपाळात १९८१ मध्ये ध्रुपद केंद्र निघालं. तिथे उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर समोर बसवून गाऊन दाखवायचे आणि शिष्यानं तसं गायचं. उज्जैनचे उदय भवाळकर याच परंपरेत तयार झाले. एकीकडे कागद, दुसरीकडे कान. तरी कागदवाल्यांनाही ताल हातावर देऊन दाखवावाच लागतो. भातखंड्यांच्या लिपीत सम म्हणजे गुणाकाराची खूण आणि खाली म्हणजे शून्य. पलुस्करांच्या लिपीत सम म्हणजे एक आणि खाली म्हणजे अधिकची खूण. दोन्ही पद्धतींतून परीक्षा देणाऱ्या पोरांची जी तारांबळ उडते ती विचारू नका. पण अमका मुलगा पलुस्कर टाइपचा, तमकी भातखंडे टाइपची, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

पढंत आठवा. तोंडानं 'धा धिं धिं धा', हातानं टाळी, डोळा गुरुजींच्या हातावर, कान स्वतःच्याच आवाजावर. तीनतालात सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नववीला खाली. गेममध्ये आपण कितव्या मात्रेवर आहोत हे माहीत असायची गरजच नसते. चौकोन आला, मारा. हातावर ताल देताना मात्र कुणीही चौकोन पाठवत नाही. नववी मात्रा रिकामी आहे हे आपल्यालाच धरून ठेवावं लागतं. त्यामुळे गेमवर बोट कितीही चाललं तरी ताल आपोआप अंगात उतरेल, असं मला वाटत नाही. ठोक्यावर पडायची सवय लागेल. सम कुठे आहे ते गेम शिकवत नाही.

मग स्कोअर वाढतो कशानं? सरावाच्या पद्धतीनं. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचालींचे तीन क्रम लोकांना शिकवले. एका गटानं एकेक क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटानं तिन्ही सरमिसळ केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. काही दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळवाल्यांना जास्त लक्षात होतं. गेममध्ये आपण नेमकं उलट करतो. अवघड आठ सेकंद चाळीस वेळा लावतो, जमलं म्हणून खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पडतो. मी तबलाही तसाच वाजवायचे. एक कायदा सलग तासभर, दुगुन थेट चौथ्या मिनिटाला. ठायीत नीट बसायच्या आधीच. दोष कानाचा नव्हता.

जानेवारीत मी काकांच्या क्लासला गेले. तीन वर्षांनी. जिना चढताना ठरवलं होतं की शिक्का, शिबिर, सगळं सांगायचं.

"काका, तेव्हा मी क्लास सोडला, कारण..."

"बस आधी," काका म्हणाले. "हातावर तीनताल दे. ठायीत."

मी सुरू केलं. नवव्या मात्रेला जोरात टाळी वाजवली.

"पुन्हा," काका म्हणाले.