काय करायचे आणि कसे करायचे

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात मराठी, बाजारात कानडी किंवा हिंदी आणि कचेरीत इंग्रजी चालते. ज्या कामाला जी भाषा सोयीची, ती आपण वापरतो. संगणकातही तसेच आहे.

साधारण २००५पर्यंत प्रोसेसरचा वेग वर्षागणिक वाढत असे. चिप फार तापू लागल्यावर ती वाढ खुंटली आणि एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवण्यात आले. पण आठ आचारी मुदपाकखान्यात सोडले म्हणजे जेवण आठपट लवकर होत नाही. कोणी काय करायचे, कोणासाठी थांबायचे, हे आधी ठरवावे लागते. सी++सारख्या सर्वसाधारण भाषेत ही वाटणी बरीचशी हातानेच लिहावी लागते. तिच्या गर्दीत मूळ हिशेब हरवतो आणि चूक सापडता सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे एकाच क्षेत्रापुरती छोटी भाषा. मी चिठ्ठीवर 'नक्स व्होमिका ३०, चार गोळ्या, दिवसातून तीनदा' एवढेच लिहितो. पुड्या कशा आणि कोणत्या क्रमाने बांधायच्या, ते कंपाउंडर पाहतो. या भाषेत पत्र लिहिता येणार नाही. पण ती इतकी मर्यादित आहे म्हणूनच त्याला नेमकी कळते.

अमेरिकेत एमआयटीच्या जोनाथन रेगन-केली आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये मांडलेली 'हॅलाइड' ही छायाचित्रांसाठीची अशीच भाषा. तिच्यात प्रत्येक बिंदूचे मूल्य कसे काढायचे ते एकीकडे लिहितात. काम कोणत्या क्रमाने, किती तुकड्यांत वाटायचे ते दुसरीकडे. वाटणी बदलली तरी उत्तर तेच राहते, म्हणून निरनिराळ्या वाटण्या निर्धास्तपणे करून पाहता येतात. छायाचित्र सुधारण्याच्या एका पद्धतीसाठी अ‍ॅडोबीच्या तज्ज्ञांनी तीन महिने खपून सुमारे १,५०० ओळी लिहिल्या होत्या. हॅलाइडमध्ये ते काम सुमारे ६० ओळींत झाले आणि दुप्पट वेगाने चालले. पुढे गूगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यातही ही भाषा वापरली गेली.

अर्थात, हॅलाइड बँकेची खातेवही लिहिण्यासाठी नाही, आणि उत्तम वाटणी कोणती हे ठरवायला अजून जाणकार लागतोच. पण चित्राचे शास्त्र जाणणाऱ्याला यंत्राच्या पोटात न शिरताही आपले म्हणणे अचूक मांडता येते. तुमच्या घरी कोणी संगणक शिकत असेल, तर त्याला एवढेच सांगा : एकच भाषा सगळ्या कामांना जुंपू नकोस.