सरदारांची लेक, श्यामची आई

१९४१ साली आलेल्या दोन चित्रपटांची नायिका एकच होती. एक ‘पायाची दासी’: मराठी घर, जाच करणारी सासू आणि तो मुकाट सोसणारी सून. दुसरा सोहराब मोदींचा ‘सिकंदर’: हत्ती, घोडे, ग्रीक शिरस्त्राणं आणि जगज्जेत्याच्या जिवासाठी शत्रूच्या दरबारात जाणारी इराणी रुखसाना. एकाच वर्षात ही दोन टोकं गाठणाऱ्या या बाईला चित्रपटात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. श्रेयनामावलीत तिचं नाव वनमाला असं यायचं. ग्वाल्हेरात ती सुशीला पवार होती.

तिच्याबद्दल बोलताना ‘श्यामची आई’पासून सुरुवात करायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती उलटी वाटते. ती आई कुठून आली हे पाहायचं तर आधी लष्करात जायला हवं.

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जो तळ टाकला, त्याचंच पुढे लष्कर हे शहर झालं. उज्जैनची गादी इथे आली आणि तिच्यामागोमाग सरदार, मानकरी, कारकून, शास्त्री, गवई अशी सगळी मराठी वस्ती. तंबूंचे वाडे झाले. एकवीस तोफांच्या सलामीची अवघी पाच संस्थानं हिंदुस्थानात होती, त्यांतलं हे एक. अशा ठिकाणी कोण कुणापुढे किती वाकतो, कोणाची बैठक कुठे, कोणत्या बायका चिकाच्या पडद्याआड बसतात, हे लहानपणीच अंगात भिनतं. कर्नल बापूराव आनंदराव पवार संस्थानात मोठ्या अधिकारपदांवर होते. त्यांची मुलगी सुशीला २३ मे १९१५ रोजी उज्जैनला जन्मली आणि ग्वाल्हेरात वाढली.

हे सरदार निव्वळ जुन्या वळणाचे होते असं मात्र नाही. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली ग्वाल्हेरात संगीत विद्यालय निघालं. सरदारांच्या मुलींसाठी वेगळी शाळा होती आणि सुशीला तिथेच शिकली. पुढे ती व्हिक्टोरिया कॉलेजातून पदवीधर झाली. आज महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने चालणारं हेच ते कॉलेज. अटलबिहारी वाजपेयीही काही वर्षांनी तिथलेच विद्यार्थी. म्हणजे मुलीने इंग्रजी शिकावं, घोड्यावर बसावं, गाणं ऐकावं, यातलं काहीच वर्ज्य नव्हतं. चार आणे देऊन कुणीही तिच्याकडे टक लावून पाहावं, हे मात्र वर्ज्य होतं. शिक्षण आणि पडदा एकाच घरात सुखाने नांदत होते, आणि सुशीलाबाईंची सगळी कहाणी या दोन्हींच्या मधल्या फटीत घडली.

शिक्षण पुरं करून ती पुण्याला आली आणि आगरकर हायस्कूलमध्ये शिक्षिका झाली. त्या काळच्या पुण्यात शिक्षिका होणं आणि आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडणं यांत फारसं अंतर नव्हतं. अत्रे स्वतः हाडाचे शिक्षक. १९२८ साली लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले, कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि तोवर नाटकं-चित्रपटांतही गळ्यापर्यंत बुडालेले. नवयुग चित्रपटाच्या ‘लपंडाव’मधून १९४० साली सुशीला पवार वनमाला होऊन पडद्यावर आली. कथा अत्र्यांची, दिग्दर्शन के. नारायण काळे यांचं.

नाव बदलणं त्या काळी नित्याचंच. पण त्याच सुमारास ब्रिटिश पडद्यावरही एक बाई नाव बदलून उभी होती, आणि या दोघी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली, कलकत्त्यात वाढली आणि इंग्लंडला गेली. १९३३ साली आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात ती राणी ॲन बोलीन झाली. आपला जन्म टास्मानियातला असं ती जन्मभर सांगत राहिली, कारण मिश्र रक्ताच्या मुलीला ब्रिटिश पडद्यावर नायिका म्हणून कुणी उभं केलं नसतं. १९७९ साली ती वारली, त्यानंतरच खरी गोष्ट उघडपणे बोलली जाऊ लागली. तिने कूळ लपवलं कारण तिच्या जगात ते हलकं ठरत होतं. सुशीलाबाईंनी आडनाव मागे ठेवलं कारण ते फार वजनदार होतं. शिवाय मर्लचं गुपित राखायला सगळा समुद्र मध्ये होता. ग्वाल्हेरात मात्र वनमाला कोण हे पहिल्या खेळालाच सगळ्यांना ठाऊक झालं असणार.

घरंदाज बाईने चित्रपटात जावं की नाही, हा वाद तोवर जुना झाला होता. फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी साळुंके नावाचा पुरुष उभा करावा लागला. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मधून दुर्गा खोटे गाजल्या आणि श्रीमंत, सुशिक्षित घरची बाईही नटी होऊ शकते हे मुंबई-कोल्हापूरला पटलं. ‘पायाची दासी’त सासू झालेल्या त्या याच दुर्गाबाई. म्हणजे सासूही खानदानी आणि सूनही खानदानी. कथा अत्र्यांची, गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन होतं. दोन मोठ्या घरच्या बायकांनी एका मध्यमवर्गीय माजघरातला छळ रंगवायचा, यातली गंमत अत्र्यांना नक्कीच कळली असेल.

पण मुंबईला जे पटलं ते संस्थानाला पटलं नाही. ग्वाल्हेरात ‘सिकंदर’ लागला तेव्हा वडिलांनी थेट पडद्यावर गोळी झाडली, ही हकिकत वनमालाबाईंवरच्या बहुतेक लेखनात सापडते. ती टिकली याचं कारण उघड आहे: चित्रपटावरच्या गोष्टीत चित्रपटासारखाच प्रसंग. गोळी खरी असो वा सांगणाऱ्यांनी भरलेली असो, मला त्यामागचा निकाल महत्त्वाचा वाटतो. मुलीला माहेर बंद झालं.

आणि ज्या चित्रपटामुळे ते बंद झालं त्यात ती माहेरचीच पुंजी खर्च करत होती. ‘सिकंदर’ हा पल्लेदार संवादांचा चित्रपट. पंडित सुदर्शन यांचं लेखन, एका बाजूला पृथ्वीराज कपूरचा सिकंदर, दुसऱ्या बाजूला मोदींचा पोरस. दोघंही रंगभूमीवर तयार झालेले, आवाजाने थिएटर हलवणारे. त्यांच्यामध्ये नव्या मुलीचा पालापाचोळा व्हायचा. तसं झालं नाही. मराठी नायिकांची हिंदीत बहुधा उच्चारांवर अडचण होई, पण ग्वाल्हेरात हिंदुस्तानी कानावर पडतच माणूस मोठा होतो. दरबारात कसं चालावं, मान किती वळवावी, हे तिला दिग्दर्शकाने शिकवायची गरज नव्हती. पोरसाकडे जाऊन ती सिकंदराच्या प्राणांचं वचन घेते तेव्हा मागणारी तीच असते, तरी याचक वाटत नाही. युद्धाच्या दिवसांत आलेला हा चित्रपट ब्रिटिश सरकारने लष्करी छावण्यांतल्या काही थिएटरांत दाखवू दिला नाही. परकी सेना पंजाबात अडते हे शिपायांनी पाहणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पुढची काही वर्षं कामाची रांग लागली. ‘वसंतसेना’, मोतीलालबरोबर ‘मुस्कुराहट’, शांतारामबापूंचा ‘परबत पे अपना डेरा’, अत्र्यांची ‘मोरूची मावशी’. त्यांतलं बरंचसं आज विस्मरणात गेलं आहे आणि काही बाबतींत त्याची खंत करण्याचं कारण नाही. चाळीसच्या दशकातल्या हिंदी चित्रपटाला सुंदर चेहरा हवा असे आणि त्या चेहऱ्याचं करायचं काय हे बरेचदा ठाऊक नसे.

ते ठाऊक असलेला माणूस पुन्हा अत्रेच निघाले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली. बेचाळीस रात्रींच्या त्या आठवणींनी दोन पिढ्या रडवल्या होत्या. गुरुजी १९५० साली गेले आणि अत्र्यांनी चित्रपट करायला घेतला. विनोदाचा बादशहा, वादांचा पैलवान, आणि विषय कोकणातल्या दरिद्री घरातली आई! लोकांना नवल वाटलं असणार. त्याहून मोठं नवल भूमिकेच्या निवडीचं. त्या आईसाठी त्यांनी कुणी सोशिक, केविलवाणा चेहरा शोधला नाही. त्यांनी सिकंदरची रुखसाना घेतली.

माझ्या मते ‘श्यामची आई’ आजही बघवते ती या एका निर्णयामुळे. त्या पुस्तकात रडं पुष्कळ आहे, आणि नुसत्या रडणाऱ्या नटीच्या हाती ते पाणचट झालं असतं. वनमालाबाईंची आई गरीब आहे, बापुडवाणी नाही. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आणि पोहायला घाबरून लपलेल्या पोराला फोकाने बडवून विहिरीवर धाडणारी आई एकच आहे, हे त्यांच्या ताठ कण्यामुळे पटतं. कर्जवसुलीचा माणूस दारात येतो तेव्हा तिचा होणारा अपमान प्रेक्षकाला झोंबतो, कारण मान नावाची वस्तू या बाईकडे मुळात आहे हे त्याने आधी पाहिलेलं असतं. लुगडं फाटकं, बसणं वाड्यातलं. माधव वझे हा मुलगा श्याम झाला. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यदिग्दर्शक झाले, तरी लोकांनी त्यांना श्याम म्हणणं सोडलं नाही. वनमालाबाईंचं तर नावच मागे पडलं. त्या नुसत्या ‘आई’ उरल्या, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

चित्रपट १९५३च्या मार्चमध्ये लागला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी प्रशस्तिपत्रावर समाधान मानावं लागलं. निवड बरोबर होती की नाही यावर आजही भांडता येईल. अभिनयाचे वैयक्तिक पुरस्कार तेव्हा नव्हतेच, त्यामुळे त्या पदकात वनमालाबाईंचा वाटा किती हे कागदावर कुठे नोंदलं गेलं नाही.

यशाच्या या टोकावरून बहुतेक जण पुढची दहा वर्षं आईच्याच भूमिका करत राहिले असते. त्या हळूहळू बाजूला झाल्या. चित्रपट सोडला तर घराचा दरवाजा उघडेल, असा वडिलांशी समेट झाल्याचं सांगतात. कृष्णभक्तीची ओढही होतीच. त्या वृंदावनात राहिल्या आणि स्वामी हरिदासांच्या नावाने चालणाऱ्या कला संस्थेच्या कामात त्यांनी स्वतःला घातलं. तिथे संगीत-नृत्याचं शिक्षण चाले. परंपरा हरिदासांना तानसेनाचे गुरू मानते आणि तानसेनाची कबर ग्वाल्हेरात आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला वृंदावन त्यामुळे परकं वाटत नाही.

वनमालाबाईंवर लिहिणारे या काळाला संन्यास म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. पुण्यात मुलींना शिकवणारी बाई मधली काही वर्षं चित्रपटात गेली आणि परत शिकवण्याकडे वळली, असंही या आयुष्याकडे पाहता येतं. हिशोब केला तर ब्याण्णव वर्षांत चित्रपट आहे फार तर पंधरा वर्षं. मे २००७मध्ये त्या ग्वाल्हेरातच वारल्या. महाराष्ट्रातून श्यामची आई गेली. लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून मात्र गेली ती कर्नल पवारांची सुशीला.