ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी ताप मोजा

दहा-अकरा वर्षांपूर्वी हौसेने असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आजही अनेक घरांत कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. आला तेव्हा तो दादाच्या अभ्यासासाठी होता, आता धाकटा त्यावर गेम खेळतो. कराडमधल्या अशाच एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. वडील एसटीत कंडक्टर, मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मशीन २०१४ च्या आसपासचे. इंटेलचा चौथ्या पिढीतला आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स ७५० टीआय हे दोन जीबीचे ग्राफिक्स कार्ड. गेम सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली की चित्र अडखळू लागते. मुलगा वैतागतो, घरात रोज त्यावरून कुरबुर होते. शेवटी आई भिशीचे बारा हजार रुपये काढून देते. 'एकदाच देते, पुन्हा मागू नकोस,' असे बजावून. दुकानदार मान डोलावतो आणि सांगतो, 'कार्ड बदल, सगळे सुरळीत होईल.'

तसे होईलच असे नाही. सगळे पैसे नव्या कार्डात घालूनही चित्र पूर्वीसारखेच अडखळत राहण्याची शक्यता मोठी आहे. कारण या तक्रारीतला महत्त्वाचा शब्द 'अडखळते' हा नसून 'वीस मिनिटांनी' हा आहे.

दम लागतो म्हणून येणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आधी विचारतात, केव्हा लागतो? जिना चढल्यावर, की रात्री आडवे झाल्यावर? उत्तरावरून पुढच्या तपासण्या ठरतात. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. पहिल्या मिनिटापासून चित्र संथ असेल, तर ग्राफिक्स कार्डाची ताकद कमी पडते आहे. गेममध्ये नव्या भागात शिरताना तेवढाच झटका बसत असेल, तर हार्ड डिस्क किंवा रॅमवर संशय घ्यावा. सुरुवातीला सारे ठीक आणि थोड्या वेळाने बिघडत असेल, तर बहुतेक वेळा ती उष्णता असते.

तपासणीला खर्च नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे ते दिसते. तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखी मोफत साधने आहेत. अर्धा तास गेम खेळून हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. आणखी एक साधी परीक्षा आहे. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करून पाहावे. चित्र एकदम सफाईदार झाले, तर कार्ड थकले होते. काहीच फरक पडला नाही, तर कार्ड मोकळेच बसले आहे आणि अडचण प्रोसेसरपाशी आहे. अशा मशीनमध्ये महागडे कार्ड बसवले तर तेही मोकळेच बसेल.

या मुलाच्या कागदावर समजा असे दिसले: प्रोसेसरचे तापमान ९८ अंश, कार्ड निम्म्याच कामात, डिस्क वारंवार १०० टक्के. मग पहिला उपचार म्हणजे सफाई. प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या कूलरमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. दहा वर्षांत तो वाळून खडूसारखा होतो, कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचे नमदे बसतात आणि उष्णता बाहेर जाईनाशी होते. तापमान १०० अंशांच्या जवळ पोहोचले, की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. गेम अडखळतो तो त्या क्षणी. पेस्टची नळी काही शे रुपयांत मिळते. प्लग काढून, गॅलरीत किंवा अंगणात नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ झाडावी. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेच्या झोताने ती भलत्याच वेगाने फिरतात. नाकावर मास्क हवाच, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला त्या वेळी दूर ठेवावे. दहा वर्षांची ती धूळ बंद खोलीत उडवणे म्हणजे घरातल्यांना शिंका आणि खोकल्याचे आमंत्रण.

दुसरा उपचार एसएसडीचा, आणि जुन्या मशीनला सर्वाधिक तरतरी यातूनच येते. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत थांबायचे, त्याआधी डोके योग्य जागी सरकवायचे, आणि हे एका गेममध्ये हजारो वेळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे हीच वाट पाहणे साधारण शंभरपटीने कमी होते. मात्र एसएसडीने दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या फारशी वाढत नाही. कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, गेम लवकर उघडतो आणि नव्या भागात शिरतानाचे झटके कमी होतात, एवढेच ती करते. एवढेही पुष्कळ आहे.

रॅमची एकच आठ जीबीची पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडावी. दोन पट्ट्या एकत्र काम करू लागल्या की माहितीचा रस्ता दुपदरी होतो. हे मशीन डीडीआर-३ रॅमचे आहे, त्यात डीडीआर-४ बसत नाही. ती सेकंड हँडच घ्यावी, पण दुकानातच लावून पाहावी.

आता खरा हिशेब. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणजे या मदरबोर्डाचे आयुष्य मोजके उरले आहे. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना विचारावे, ही उद्याच्या मशीनमध्ये नेता येईल का? एसएसडी नेता येते, चांगला एसएमपीएस नेता येतो, ग्राफिक्स कार्डही नेता येते. डीडीआर-३ रॅम आणि जुना प्रोसेसर नेता येत नाही. त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय-७ ४७७० किंवा ४७९० सेकंड हँड मिळाला तर काउंटर-स्ट्राइक २ सारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेमला मदत होईल, पण तो स्वस्तात मिळाला तरच. नवा मदरबोर्ड घ्यायचा मोह मात्र टाळावा. त्यामागून नवा प्रोसेसर आणि नवी रॅमही येते, आणि बारा हजार अर्ध्या वाटेतच संपतात. शिवाय अद्ययावत सुरक्षा नसलेल्या या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

कार्डाची पाळी एसएमपीएसनंतर. ७५० टीआय फक्त ६० वॉट वीज घेते, बहुतेक वेळा स्वतंत्र वायरही लागत नाही. आरएक्स ५८० सारखे कार्ड १८५ वॉटच्या आसपास मागते. मूळ असेंबल करताना कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असले, तरी तो ते खरोखर पेलेलच याचा भरवसा नसतो. भार सहन न होऊन तो जाताना कधी कधी मदरबोर्डालाही सोबत नेतो. पुण्यातली तपकीर गल्ली असो की मुंबईतला लॅमिंग्टन रोड, सेकंड हँड कार्ड घेताना ते अर्धा तास गेम लावून चालवून दाखवायला सांगावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे 'मायनिंग' बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळी वाईट असतात असे नाही, पण त्यांचे पंखे आणि पेस्ट झिजलेले असतात. चालवून दाखवायला नकार देणाऱ्या दुकानातून कार्ड घेऊ नये.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का, हेही याच वेळी पाहावे. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावून खुपसलेला असतो, किंवा तिसऱ्या पिनेला वायरच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून किंचित वीज पत्र्यावर येत असते आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जाणे अपेक्षित असते. अर्थिंग नसेल तर ती माणसातून जाते. एरवी या मुंग्या निरुपद्रवी असतात, पण आत काही बिघडून २३० व्होल्टची वायर पत्र्याला टेकली, तर वाचवणारे काहीच उरत नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे असताना तर नाहीच. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे, हा या बारा हजारांतला पहिला खर्च असावा. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक बटण सेल असतो. घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर तो संपला आहे, आणि बदलायला किरकोळ खर्च येतो. काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. घरात रांगते मूल असेल आणि त्याने तो गिळला, तर सेल अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. 'संपलेल्या' सेलमध्येही तेवढी वीज असते. उलटी करवण्याच्या फंदात न पडता तडक रुग्णालय गाठावे आणि सेल गिळल्याचा संशय स्पष्ट सांगावा, म्हणजे लगेच एक्स-रे काढला जातो.

राहता राहिला खुर्चीत बसलेला माणूस. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे सातने. म्हणजे महागड्या मॉनिटरने वाचतात ते दहा मिलिसेकंद. माणसाचा डोळा पाहून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात, आणि झोप अपुरी असेल तर हा आकडा वाढतो. 'नेचर' या नियतकालिकात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सलग १७ तास जागे असलेल्यांची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली होती. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री एक वाजता खेळतो, तेव्हा त्याचे १९ तास झालेले असतात. त्या वेळी हरल्याचा दोष कार्डाला देऊन उपयोग नाही.

निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्यावरही पैसे घालू नयेत. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात असे चष्मे डोळ्यांचा ताण कमी करतात याचा पुरावा मिळाला नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहणे फुकट आहे. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून त्याखाली बारावीची जुनी पुस्तके चालतात. मानेला त्यातून मिळणारा आराम रंगीत दिव्यांच्या गेमिंग खुर्चीपेक्षा कमी नसतो.

तेव्हा या घराने अर्थिंग, सफाई, एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस या क्रमाने जावे, आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा अर्धा तास खेळून आकडे लिहावेत. तक्रार थांबली तर तिथेच थांबावे. उरलेले पैसे आईकडे परत द्यावेत, कार्डाचा विचार दिवाळीनंतर करता येईल. जुनी हार्ड डिस्क काढण्याआधी तिच्यातले दादाचे प्रोजेक्ट आणि घरातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. दहा वर्षे फिरलेली डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही.