‘सात हिंदुस्तानी’ आणि पडद्याबाहेर राहिलेले गोमंतकीय

‘सात हिंदुस्तानी’ म्हटलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट. हा चित्रपट गोवामुक्तीच्या लढ्यावर आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ख्वाजा अहमद अब्बास यांचा हा कृष्णधवल चित्रपट नोव्हेंबर १९६९ मध्ये प्रदर्शित झाला. राष्ट्रीय एकात्मतेवरचा चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गीतांसाठी कैफी आझमींनाही. गोव्याचा इतिहास समजून घ्यायला त्याचा उपयोग किती, आणि त्यात कोण सुटलं, हे इथे पाहू.

कथा साधी आहे. गोव्याच्या इस्पितळात मारिया शस्त्रक्रियेची वाट पाहते आहे. पण जुने सहा सोबती आल्याशिवाय ती शस्त्रक्रियेला तयार नाही. त्यांची वाट पाहताना तिला ते दिवस आठवतात: देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले सहा तरुण आणि गोव्याची ती, असे सात जण पोर्तुगीजांच्या किल्ल्यांवर तिरंगा फडकवत फिरतात. अब्बासांनी पात्रयोजनाही मुद्दाम उलटसुलट केली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, केरळचे मधू बंगाली झाले, अलाहाबादचा अमिताभ बिहारचा उर्दू कवी झाला. मराठी शाहीर सखाराम शिंदे रंगवला जलाल आगा यांनी.

सहा बाहेरचे आणि एक गोव्याची, हा हिशेब लक्षात ठेवा.

बाहेरून माणसं आली, हे अगदी खरं आहे. १९५५ साली ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये, त्रिदिब चौधरी अशी मंडळी गोव्यात शिरली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही निःशस्त्र सरहद्द ओलांडून गेले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक माणसं गेली. पंजाबचे कर्नैलसिंग पत्रादेवीला पडले. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय यांनी झेंडा घेतला आणि गोळ्या लागूनही त्या वाचल्या, पुढे लोकसभेवर निवडून आल्या. अब्बासांच्या सहा जणांना इतिहासाचा आधार आहे, तो असा.

पण पोर्तुगीज सरकारची वागण्याची रीत दोन तऱ्हांची होती. बाहेरून आलेल्या बहुतेक सत्याग्रहींना पोलीस बेदम मारत आणि सरहद्दीपलीकडे आणून सोडत. गोरे-लिमयांसारख्या पुढाऱ्यांना लांब शिक्षा झाल्या, तरी ते १९५७ मध्ये सुटले. गोमंतकीय माणूस मात्र त्यांच्या लेखी पोर्तुगालचा प्रजाजन. त्याला पलीकडे ढकलून मोकळं होता येत नसे. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चाले आणि मग आग्वादचा तुरुंग, नाहीतर थेट पोर्तुगाल. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना १९४६च्या चळवळीनंतर पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं, ते याच न्यायाने. अस्नोड्याचे बाला राया मापारी तर तुरुंगापर्यंतही पोचले नाहीत. फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या छळात त्यांचा अंत झाला.

या दोन्ही तऱ्हांच्या मध्ये येणारं एक नाव म्हणजे मोहन रानडे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात आले ते मराठी शिक्षक होऊन, सावई-वेऱ्याला. आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. त्यांना लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात हलवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे आतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतर अनेकांनी चिकाटीने खटपट केली, आणि ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ‘सात हिंदुस्तानी’ पडद्यावर आला तेही हेच वर्ष. तेलो मास्कारेन्यस तर त्यानंतर, १९७० साली सुटले. म्हणजे प्रेक्षक थिएटरात गोव्याचा लढा ‘जुनी आठवण’ म्हणून पाहत होते, तेव्हा त्या लढ्यातला एक कैदी पोर्तुगालमध्ये अजून गजाआडच होता.

आणि मारियाचं काय? पडद्यावर तिच्या एकटीवर सगळ्या गोव्याचा भार आहे. प्रत्यक्षात १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवत होते. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून रोज बातम्या, रोज पोर्तुगीज प्रचाराचं खंडन, आणि तेही मुक्तीच्या दिवसापर्यंत, सलग सहा वर्षं! म्हापशाला एप्रिल १९५५ मध्ये नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनात सुधाताई जोशींना अटक झाली. किल्ल्यावर झेंडा लावण्याइतकं हे काम कॅमेऱ्याला सोपं नव्हतं, म्हणून काही ते लहान ठरत नाही.

अब्बासांना दोष देण्याचं कारण नाही. भाषा आणि प्रांत यांवरून देश भांडत होता, त्या काळात त्यांना एकोप्याची गोष्ट सांगायची होती; ती त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. पण चित्रपट हा पुरावा नव्हे. तो पाहावा, आणि मग पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक आणि आग्वादचा तुरुंग पाहावा. सत्तरी, डिचोली, पेडणे, सावंतवाडी, बेळगाव या पट्ट्यात अजून अशी घरं आहेत, जिथे कुणी आजोबा भूमिगतांना रात्री जेवू घालत, कुणी आजी पत्रकं लपवून नेत असे. अशांच्या नावाने ना पेन्शनची फाईल असते, ना चौकात पाटी. तुमच्या घरात अशी आठवण असेल तर नाव, गाव आणि साल एवढं तरी लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत.