वैशाखातला डोंगर : आधी पाण्याचा नकाशा

सह्याद्रीत भटकायला दोन हंगाम मानले जातात : जून ते सप्टेंबर पावसाचा आणि त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत थंडीचा. एप्रिल-मे महिने भटक्यांच्या वहीत जवळजवळ कोरेच राहतात. शाळेचे वेळापत्रक मात्र नेमके याच्या उलट असते. पावसाळ्यात चाचण्या, हिवाळ्यात स्नेहसंमेलन, मग वार्षिक परीक्षा; सलग चार मोकळे दिवस हाती लागतात ते मे महिन्यातच. म्हणून पुष्कळ शिक्षक मोठ्या मुलांना घेऊन बिगरहंगामातच डोंगराकडे निघतात. यात गैर काही नाही. गडांवर गर्दी नसते, धुके नसते, गवत वाळून गेल्यामुळे खडकांचे थर पुस्तकातल्या आकृतीसारखे उघडे दिसतात. पण हिवाळी सहलीचा आराखडा जसाच्या तसा मेमध्ये वापरला, तर तो जिवावर बेतू शकतो. हिवाळ्यात आपण आधी मुक्काम ठरवतो, मग वाट आणि शेवटी पाणी. उन्हाळ्यात हा क्रम उलटा करावा लागतो. तो का, हे एका साध्या हिशेबाने पाहू.

समजा, ५० किलो वजनाचा मुलगा पाठीवर १० किलोची पिशवी घेऊन ८०० मीटर चढतो. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की ६० × ९.८ × ८०० म्हणजे सुमारे ४,७०,००० ज्यूल, अर्थात ११२ किलोकॅलरी एवढे कार्य भरते. दीड पोळीत भागेल असे वाटते! पण आपले स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा हिस्सा चढण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे ११२ किलोकॅलरी कार्यासाठी एकूण ५६० खर्च होतात आणि त्यातल्या सुमारे ४५० शरीर तापवतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर त्या मुलाचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढेल. तीन-चार अंशांची वाढसुद्धा जीवघेणी ठरू शकते, हे आपल्याला माहीत आहेच.

हिवाळ्यात यातली बरीच उष्णता गार हवेला सहज दिली जाते. मे महिन्यात हवाच त्वचेपेक्षा गरम असली, तर वहन आणि प्रारण या दोन्ही वाटा बंद होतात, उलट बाहेरची उष्णता आत येऊ लागते. उरतो तो फक्त घाम. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. आपल्या मुलाला केवळ चढण्याची उष्णता काढायला पाऊण लिटर घाम पूर्णपणे वाळवावा लागेल. त्यात वरून पडणारे ऊन, तापलेला काळा कातळ आणि न वाळता नुसताच ठिबकणारा घाम मिळवा. तीन तासांच्या चढणीत दोन लिटर पाणी संपले, तर नवल नाही. स्वयंपाक धरून दिवसाला माणशी पाच-सहा लिटर लागणार. तीस जणांच्या तुकडीला दीडशे ते एकशे ऐंशी लिटर! एवढे पाणी पाठीवर नेता येत नाही. न्यायचा प्रयत्न केला, तर ओझे वाढून घाम आणखी वाढतो. म्हणून वाट आखायची ती पाण्यापासून पाण्यापर्यंत.

हे पाणी मे महिन्यात डोंगरावर राहते तरी कसे? सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. घट्ट बेसाल्टमधून पाणी मुरत नाही, ते फक्त भेगांतून उतरते. दोन थरांमध्ये पुष्कळदा लालसर मातकट थर सापडतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही, मग पाणी आडवे वाहत कड्याच्या पोटाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. घाटवाटांवरचे बारमाही झरे अशा सांध्यांवर शोधावेत. गडांवरची टाकी हा दुसरा आधार. घट्ट कातळात खोदलेले टाके गळत नाही आणि कातळाच्या पोटात खोदून छत राखलेले खांबटाके उन्हापासून वाचल्याने सावकाश आटते. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतले पाणी ऐन उन्हाळ्यातही अंगावर शहारा आणण्याइतके गार असते. गडावर टाकी पुष्कळ आहेत, पण पिण्याचे कोणते हे पायथ्याच्या माणसांनाच विचारावे. पाणी फडक्याने गाळून उकळूनच प्यावे. तेवढ्या उंचीवर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळते. जंतू मारायला ते पुरेसे आहे. भात शिजायला मात्र वेळ लागतो.

टाके भरलेले असेल, या भरवशावर चढू नये. आठ दिवसांत तिथे जाऊन आलेल्या कुणाकडून खात्री करावी आणि तरीही ते कोरडे निघाल्यास खाली परतण्याइतके पाणी पिशवीत ठेवावे. गावाच्या भरवशावरही निघू नये. मे महिन्यात पायथ्याच्या अनेक वाड्यांत बायका हंडा-कळशीसाठी दूरवर चालत असतात. अशा वाडीत तीस पाहुण्यांनी शंभर लिटर पाणी मागणे म्हणजे काय, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. पाणी एस.टी. थांब्यापर्यंत आपणच आणावे.

आता उन्हाचा विचार करू. डोंगराची उत्तर बाजू सावलीची, हा हिवाळ्यातला अनुभव. मे महिन्यात तो फसवा ठरतो. मेच्या मध्याला पुणे-मुंबईच्या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत तो पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि डोक्यावर येईपर्यंत उत्तरेकडेच झुकलेला असतो. त्यामुळे उत्तरेचा कडा सकाळपासूनच तापतो. सकाळची खरी सावली पश्चिमेकडच्या, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या, बाजूला मिळते. ४५ अंशांच्या पश्चिम उतारावर नऊ वाजून गेल्याशिवाय ऊन पोचत नाही. शाळेच्या अंगणात पुठ्ठ्याचा डोंगर आणि कंपास घेऊन हे मुलांना स्वतःच पडताळता येईल. माध्यान्ह घड्याळी बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होते, हेही लक्षात येईल.

पण कोकणच्या बाजूला दमट हवेचा तोटा असतो. दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे. देशावर कोरडा ३८ अंश दाखवतो तेव्हा ओला २१-२२ दाखवू शकतो, तर कोकणात कोरडा ३४ असताना ओला २७. घामाच्या दृष्टीने दुसरी हवा अधिक वाईट, कारण तिच्यात घाम वाळत नाही. तेव्हा कोकणातून चढायचे तर पहाटे साडेचारलाच निघावे. यासाठी तिथी पाहून दिवस निवडावा, असे आम्ही सुचवू. वैशाख पौर्णिमेपासून वद्य अष्टमी-नवमीपर्यंत पहाटे आकाशात चंद्र असतो. शुद्ध पक्षातला चंद्र पहाटेपूर्वीच मावळतो, त्याचा उपयोग नाही.

नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही, घामाबरोबर मीठही जाते. मीठ-साखर घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवावीत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी झाली, की त्या मुलाला सावलीत झोपवून पाय वर ठेवावेत. तो असंबद्ध बोलू लागला, तर मात्र तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून हाताशी असेल ते सगळे पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा. दवाखान्यात न्यायचे ते शरीर गार करता करता. शुद्धीवर नसेल, तर पाणी पाजू नये.

बाकी गोष्टी थोडक्यात. वाळक्या गवतावर आणि घसाऱ्यावर उतरताना पाय सरकतात. उतरायला वेळ जास्त धरावा. शेकोटी करू नये, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. धुराने कड्यावरचे आग्या मोहोळही उठते. हरिश्चंद्रगडासारखा डोंगर अभयारण्यात असला, तर वन खात्याचे नियम आधी विचारावेत.

सकाळी अकरा ते दुपारी चार चालणे बंद, हा नियम उन्हामुळे झालाच, पण मेच्या उत्तरार्धात त्याला वळवाचीही जोड मिळते. समुद्रावरून आलेली दमट हवा घाट चढते, तापलेल्या जमिनीवर आणखी वर फेकली जाते आणि दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर अंतर. आकडा तिसाच्या आत आला, की धारेवरून उतरावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. गुहा मिळाली तर तिच्या तोंडाशी न बसता आत बसावे, भिंतीला पाठ टेकू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय कुणाला बाहेर सोडू नये.