बँकेची संगणक यंत्रणा बंद पडल्यास भरपाई मागावी काय?

विकलेल्या कांद्याची पट्टी, साखर कारखान्याकडून येणारे उसाचे बिल, पीककर्जाची उचल आणि पीकविम्याची रक्कम या सर्वांचा हिशेब आज बँकेच्या खात्यात उतरतो. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरातील रोकड त्यामुळे कमी झाली असून खात्यावरील त्याचे अवलंबन वाढले आहे. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु ऐन पेरणीच्या दिवसांत किंवा कर्जफेडीच्या अखेरच्या तारखेस बँकेचे संगणकच बंद पडले, तर होणारी हानी कोणी सोसावी, हा प्रश्न आता गावोगावी विचारला जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस त्याचे नेमके उत्तर देता आले पाहिजे.

पूर्वी शाखेची खातेवही शाखेतच असे. आता ती एका मध्यवर्ती संगणकात असते आणि शाखा केवळ तिच्याशी तारेने किंवा बिनतारी मार्गाने जोडलेली असते. अनेक लहान बँकांस अशी यंत्रणा स्वतः उभारणे परवडत नाही. त्या ती एखाद्या तांत्रिक कंपनीकडून भाड्याने घेतात. एकाच विहिरीवर दहा मळे भिजावेत, त्यातला हा प्रकार होय. विहिरीवरची मोटार जळाली की दहाही मळे कोरडे पडतात.

याचा अनुभव ३१ जुलै २०२४ रोजी आला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशातील अनेक सहकारी व ग्रामीण बँकांस संगणक सेवा पुरविते. तिच्या यंत्रणेत खंडणीसाठी सोडलेला रॅन्समवेअर नावाचा संगणक-विषाणू शिरला. तो इतरत्र पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने या कंपनीची यंत्रणा देशाच्या देयक व्यवस्थेपासून तात्पुरती तोडली. त्यावेळच्या वृत्तांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे एटीएम व यूपीआय व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, जोडणी पूर्ववत झाली. ठेवीदाराची शिल्लक जागेवर होती. मात्र त्याला ती वापरता येत नव्हती.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पैसे खात्यातून वजा होऊन मध्येच अडकणे ही एक गोष्ट. पैसे खात्यात सुरक्षित असून बँकेचे दार काही काळ बंद राहणे ही दुसरी. या दोहोंस लागू होणारे नियम वेगळे आहेत, आणि बहुतेक गैरसमज हा भेद न कळल्यामुळेच होतात.

पैसे अडकल्यास

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले व ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून अंमलात आले. ग्राहकाची चूक नसताना, संदेशवहन तुटल्यामुळे, यंत्रात रोकड नसल्यामुळे किंवा अशाच अन्य कारणाने व्यवहार अपुरा राहिला, तर रक्कम किती दिवसांत परत मिळावी हे त्यात ठरवून दिले आहे. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे. बँक मित्राकडील लहान यंत्रासही, म्हणजे मायक्रो एटीएमलाही, हाच नियम आहे. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठविलेली रक्कम पोहोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी. कृषी सेवा केंद्रासारख्या दुकानदारास यूपीआयने दिलेल्या रकमेची त्याच्याकडे नोंद आली नाही, तर मुदत ५ दिवसांची आहे. मुदत टळल्यावर प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकास देणे बँकेवर बंधनकारक आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, महिन्याच्या १ तारखेस एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. मुदत ६ तारखेस संपली आणि रक्कम १६ तारखेस परत आली. विलंब १० दिवसांचा, म्हणून मूळ रकमेखेरीज १,००० रुपये मिळावयास हवेत. अडकलेली रक्कम ५०० रुपयांची असो वा ५,००० रुपयांची, दर तोच राहतो.

ही भरपाई मागावी लागू नये, असेच परिपत्रकात म्हटले आहे. ग्राहकाच्या तक्रारीची किंवा मागणीची वाट न पाहता बँकेने ती आपण होऊन खात्यात जमा करावयाची आहे. तरीसुद्धा पासबुक भरून घेऊन खात्री करून घ्यावी हे उत्तम. कारण मूळ रक्कम परत आलेली पाहून समाधान मानणारे आणि पुढच्या ओळीकडे न पाहणारे खातेदार फार आहेत.

दार बंद राहिल्यास

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे रक्कम वजा झालेली नसून केवळ सेवा बंद असल्यास, रोजचे १०० रुपये मिळत नाहीत. जुलै २०२४ मध्ये ज्यांना निव्वळ एक दिवस पैसे काढता आले नाहीत, त्यांना या परिपत्रकाचा आधार नव्हता. येथे भरपाई मागावयाची तर प्रत्यक्ष नुकसान झाले आहे आणि ते बँकेच्या बिघाडामुळेच झाले आहे, हे दाखवावे लागते. एका हेलपाट्याचे एस. टी. भाडे मागण्यात फारसा अर्थ नाही; त्या पायी दुसरे चार हेलपाटे होतात. मात्र काही नुकसाने खरोखर मोठी असतात व ती मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.

पीककर्जाचे उदाहरण घ्यावे. ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाची वेळेवर फेड करणाऱ्यास केंद्राच्या योजनेत व्याजात ३ टक्के सूट मिळत आली आहे. १ लाख रुपयांच्या कर्जावर ही सूट वर्षाला ३,००० रुपये होते. शेतकरी अखेरच्या दिवशी पैसे घेऊन शाखेत गेला, यंत्रणा बंद असल्याने भरणा होऊ शकला नाही, आणि नंतर त्याचे खाते थकीत धरून ही सूट नाकारली, तर हे नुकसान त्याच्या हलगर्जीपणाचे नव्हे. अशा वेळी रिकाम्या हाताने परतू नये. आपण अमुक दिवशी अमुक वेळी इतकी रक्कम भरण्यास आलो होतो, असा अर्ज तेथेच लिहून द्यावा व त्याच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. चार ओळींचा हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. (अखेरच्या दिवसापर्यंत थांबू नये हे खरेच, पण उसाचे बिलच उशिरा येत असेल तर शेतकऱ्याने काय करावे?)

पीकविम्यासंबंधी नियम अधिक स्पष्ट आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँकेच्या, शाखेच्या किंवा प्राथमिक सोसायटीच्या चुकीमुळे अगर नोंद राहून गेल्यामुळे शेतकरी लाभास मुकला, तर ते नुकसान त्या संस्थेने भरून द्यावयाचे असते. हप्ता खात्यातून कापला गेला, पण संगणकावर नाव चढले नाही, असे आढळल्यास या तरतुदीचा आधार घ्यावा. हप्ता वजा झाल्याची पासबुकातील नोंद हाच मुख्य पुरावा होय.

सहकारी संस्थांच्या सभासदांत एक संकोच आढळतो. बँक आपलीच, मग भांडावयाचे कोणाशी? नुकसान भरून दिले तर ते आपल्याच खिशातून जावयाचे, असे म्हटले जाते. हा विचार सद्भावनेचा असला तरी बरोबर नाही. खातेदाराचा करार बँकेशी आहे, तिच्या संगणक कंपनीशी नाही. त्या कंपनीस जाब विचारणे खातेदारास शक्य नाही. ते बँकेलाच शक्य आहे. तक्रारीच लेखी आल्या नाहीत, तर संचालक मंडळापुढे नुकसानीचा आकडा येत नाही आणि कंपनीपुढे ठेवावयास बँकेच्या हाती काही राहत नाही. इंग्लंडात टी. एस. बी. या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली यंत्रणा बदलली, तेव्हा तिच्या सुमारे ५२ लाख ग्राहकांपैकी फार मोठ्या संख्येस त्रास झाला. त्या बँकेने ग्राहकांस ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

मागणी करताना प्रथम शाखेकडे लेखी अर्ज करावा. त्यात खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख व वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि झालेले नुकसान आकड्यांत लिहावे. एटीएमची चिठ्ठी, मोबाइलवरील संदेश व पासबुकाच्या पानाची प्रत जोडावी. मूळ कागद देऊ नयेत. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही व वकीलही लागत नाही. अर्ज टपालाने पाठवावयाचा असल्यास तो रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ येथील तक्रार स्वीकृती केंद्राकडे धाडावा. तो मराठीत लिहिलेला चालतो. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत प्रत्यक्ष हानीसाठी २० लाख रुपयांपर्यंत आणि मनस्ताप व वेळेच्या अपव्ययासाठी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालास देण्यात आला. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या व्यवस्थेबाहेर होत्या. त्यांनाही तीत आणण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. ज्यांचे व्यवहार मुख्यतः जिल्हा बँकेशीच आहेत अशा खातेदारांस हा बदल अवश्य सांगावा.

सोलापूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. तेथे नुकसान झाल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. मात्र एकच तक्रार लोकपाल व आयोग या दोघांकडे एकाच वेळी चालविता येत नाही.

बिघाडाच्या बातम्या पसरल्या की "भरपाई जमा करतो, मोबाइलवर आलेला आकडा सांगा" असे दूरध्वनी येऊ लागतात. भरपाई खात्यात जमा करण्यास बँकेला असा कोणताही गुप्त आकडा लागत नाही. तो मागणारा भामटा समजावा व त्याची माहिती शाखेस त्वरित द्यावी. उलट, यंत्रणेच्या चुकीने आपल्या खात्यात परकी रक्कम आली, तर तीही आपली नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांत असे सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले होते, आणि बँकेने त्यांची वसुली लगेच सुरू केली. अशी रक्कम दिसल्यास ती खर्च न करता शाखेस लेखी कळवावे व त्याचीही पोच घ्यावी.